रस्त्याकडेचं धोकादायक झाड नेमकं कुणाचं? (सोलापूर)

सातरस्ता_सोलापूर
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचक, पण वळवाचे दिवस तोंडावर आलेत म्हणून मुद्दाम धागा काढतोय. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मेन रोडला लागून सोनमोहराचं जुनं झाड आहे, पेल्टोफोरम म्हणतात ते, पिवळी फुलं येतात. मागं कधीतरी केबलसाठी चर मारला तो झाडाच्या बुडातनंच नेला, मनगटाएवढ्या मुळ्या कुऱ्हाडीनं तोडून कडेला टाकलेल्या आम्ही सगळ्यांनी बघितल्यात, मग वर मुरूम आणि त्यावर पेव्हर ब्लॉक, ते पण पार खोडाला चिकटून. एका बाजूला विजेच्या तारा आहेत म्हणून त्या बाजूच्या फांद्या दर उन्हाळ्यात साफ, त्यामुळं उरलेला सगळा भार रस्त्यावर. आणि आता बुडाशी तपकिरी रंगाची कडक, ताटलीएवढी अळंबी आलीय, पांढऱ्या किनारीची. खाली रसवंती, आणि शाळेच्या रिक्षा पण तिथंच सावलीला थांबतात.

मागच्या वादळात एक फांदी रसवंतीच्या पत्र्यावर पडली, रात्र होती म्हणून निभावलं. एका ऑफिसात गेलो, ते म्हणाले रस्ता आमच्याकडं येत नाही. ज्यांचा रस्ता म्हणाले तिथं गेलो, ते म्हणाले रस्ता आमचा पण झाड आमचं नाही. तिसरीकडं म्हणाले वरच्या फांद्यांचं आम्ही बघतो, बुडाचं आम्हाला विचारू नका. म्हणजे झाडाचे तीन तुकडे तीन खात्यांत आणि ज्याच्या डोक्यावर पडेल तो चौथा. कुणाला कायदा माहीत असेल तर सांगा, झाड मालकीचं कुणाचं धरायचं आणि अर्ज कुणाकडं?

का_बे
काय बे, एवढं कशाला फिरायलास ऑफिस ऑफिस. रात्री दोनला करवत, सकाळी 'वाऱ्यानं पडलं' म्हणायचं. विषय संपला.

कडक_भाकरी
का_बे, तुमच्यासारख्यांमुळंच सोलापूर भट्टी झालंय. मे मध्ये ४३-४४ असतंय तेव्हा गाडी लावायला सगळ्यात आधी झाड कोण शोधतं? धोकादायक म्हणायचं आणि तोडायचं, हे लई सोपं झालंय आजकाल. दुकानाचा बोर्ड झाकतो म्हणून झाड धोकादायक, पार्किंगला अडतं म्हणून धोकादायक. धाग्याचं शीर्षक वाचूनच पोटात गोळा आला खरं सांगते. आता याच्या प्रिंट काढून लोक अर्ज देत सुटतील.

सातरस्ता_सोलापूर
ताई, तोडा असं मी कुठंच म्हटलेलं नाही. कुणीतरी जबाबदार माणसानं येऊन बघावं एवढंच म्हणणं आहे. बघून ठीक आहे म्हणाले तर मी स्वतः त्याला पाणी घालीन.

जिल्हाकोर्टासमोर
का_बे यांच्यासाठी आधी. शहरी भागात १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा लागू आहे. त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत नुसतं कापणं नाही, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं पण येतं. बुडाला ॲसिड ओतणारे, कचरा पेटवणारे, सगळे त्यात. दंड आणि कैद दोन्हीची तरतूद आहे. झाड तुमच्या कंपाउंडात असलं तरी परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या पुढचं झाड हेरिटेज धरतात, तिथं नियम आणखी कडक. पण त्याच कायद्यात 'जीविताला किंवा मालमत्तेला धोका' हे परवानगीचं वैध कारण म्हणून आहे, म्हणजे कायदा धोकादायक झाडाला हात लावू देत नाही ही ओरड खोटी आहे. रात्री दोनची करवत लागतच नाही.

मूळ प्रश्नावर सविस्तर संध्याकाळी लिहितो, तारखेला निघालोय.

वनस्पतीवेडी
मी वनस्पतीशास्त्र शिकवते. फोटो टाका म्हणणार होते पण वर्णनच पुरेसं आहे, तपकिरी कडक ताटली आणि पांढरी किनार म्हणजे बहुतेक गॅनोडर्मा. ती वर दिसते तेव्हा आतलं काम बरंच झालेलं असतं, बुंधा आणि मुळं आतून कुजायला लागलेली असतात. वर पानं हिरवीगार असू शकतात हं, त्यावर जाऊ नका, कारण पाणी वर नेणारा भाग सालीच्या लगतचा असतो आणि वजन पेलणारा गाभा आत. झाड हिरवं म्हणजे झाड मजबूत, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज.

दुसरा गैरसमज मुळांचा. लोकांना वाटतं जेवढं झाड वर तेवढं खाली. तसं नसतं, बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडं पसरलेली असतात. म्हणून बुंध्याजवळून चर नेला की त्या बाजूचे दोरच तुटले, तंबूच्या एका अंगाचे दोर कापून वर वारा सोडल्यासारखं होतं ते. ज्या बाजूला चर, त्याच्या विरुद्ध बाजूला झाड झुकायला लागलंय का बघा, आणि बुडाशी चराच्या अंगाला माती उचललीय, फटी पडल्यात, ब्लॉक वर आलेत असं काही दिसतंय का बघा. ही खूण दिसली तर थांबू नका.

जातीवर पण आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्षही बाहेरून आलेले, पटकन वाढून सावली देतात म्हणून आपल्याकडं रस्तोरस्ती लावले. पटकन वाढणाऱ्यांचं लाकूड ठिसूळ. त्यामानानं लिंब, चिंच, वड भक्कम, सोलापूरच्या हवेला तर लिंबासारखं झाड नाही. पण लिंब म्हणून डोळे मिटायचे नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर जुना लिंबच पडला, वादळ आलं म्हणून लोक शेडखाली थांबले होते, सात माणसं गेली.

कडक_भाकरी
वनस्पतीवेडी ताई, मग छाटणी करून घ्यावी का? आमच्या रस्त्याला दरवर्षी येतात आणि सगळी झाडं बोडकी करून जातात, नुसते खांब उरतात. बघवत नाही.

वनस्पतीवेडी
ती छाटणी नाही, ते मुंडन. शेंडा छाटला की त्या ठिकाणाहून झुपक्यानं धुमारे येतात, सरळसोट, भराभर, आणि ते गाभ्याला धरून नसतात, वरवर चिकटलेले असतात. तीन-चार पावसाळ्यांनी तेच धुमारे मांडीएवढे होतात आणि वाऱ्यात फाटून पडतात. म्हणजे आज छाटलेलं झाड काही वर्षांनी आधीपेक्षा जास्त धोकादायक.

बरोबर पद्धत कुठल्याही कामगाराला शिकवता येते. मोठी फांदी एका दमात कापायची नाही, नाहीतर ती पडताना खोडाची साल फरफरत घेऊन जाते. आधी खोडापासून फूट-दीड फूट लांब, खालून एक खाच घ्यायची. मग त्याच्या थोडं पुढं वरून कापायचं, फांदी सरळ खाली पडते. उरलेला ठुंठा तिसऱ्या कापात काढायचा, पण फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर वळी असते ती शाबूत ठेवून. त्या वळीतूनच जखम भरते. वळी कापली की जखम उघडी, ठुंठा ठेवला की तो कुजतो आणि कूज आत शिरते. आणि एका बाजूचं वजन कमी केलं तर दुसऱ्या बाजूचं पण थोडं कमी करावं लागतं. तारांच्या बाजूचं तेवढं कापून गाडी पुढं गेली की झाड लंगडं झालंच समजा.

रिटायर्ड_ओव्हरसियर
रस्त्याच्या कामात जन्म गेला, कुठल्या खात्यात ते जाऊ द्या. खरी गोम कुठं आहे सांगतो. एस्टिमेटमध्ये खोदाईची आयटम असते, मुरमाची असते, ब्लॉकची असते. झाडाची आयटम नसते. मोजमाप पुस्तकात ज्याची ओळ नाही ते साईटवर नाहीच असं समजून काम चालतं. ड्रॉइंगमध्ये झाडाभोवती अळं दाखवलेलं असतं बरं का, पण ब्लॉकचं बिल चौरस मीटरवर निघतं, मग अळं सोडलं की तेवढे ब्लॉक कमी भरतात. कोण सोडेल? राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ सालीच दिल्लीच्या बाबतीत आदेश दिलाय की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आपल्याकडं अजून खोडाला ब्लॉक टेकवून वर सिमेंटचा लेप मारतात, दिसायला छान दिसतं म्हणून.

दुसरं, गेरू-चुन्याचे पट्टे. रात्री गाडीवाल्याला दिसावं म्हणून मारतात, हेतू चांगला. पण त्या थराखाली भेग, वाळवी, भोक, सगळं झाकतं. पावसाळ्याआधी रंग मारायच्या आधी कुणी एक चक्कर मारून खोड ठोकून बघितलं तर निम्मं काम होईल. लाकडी हातोडीनं ठोकायचं, भरीव असेल तर टक्क आवाज येतो, पोकळ असेल तर ढब. कलिंगड घेताना बघतो तसंच की ओ.

झाड कुणाचं म्हणाल तर साधा हिशोब, जमीन ज्याची झाड त्याचं. रस्ता महापालिकेचा असेल तर महापालिका, सार्वजनिक बांधकामचा असेल तर ते, राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्यांची यंत्रणा, लेआऊटमधली ओपन स्पेस असेल तर ती हस्तांतरित झालीय का बघा, नसेल तर सोसायटीवर येतं. आणि रस्ता कुणाचा ते नकाशावर ठरतं, ऑफिसातल्या माणसाच्या तोंडावर नाही. लेखी मागा.

का_बे
काका कलिंगडाचं बरोबर बोललाव, पण टिळक चौकात आमच्या इथं माणसं कलिंगड ठोकून घेतेत आणि तरी पांढरंच निघतंय.

रिटायर्ड_ओव्हरसियर
ते तुझं नशीब, बाळा. म्हणूनच म्हटलं निम्मं काम. ढब वाजलं म्हणजे तोडा असं नाही, ढब वाजलं म्हणजे जाणकाराला बोलवा. जुने वड आतून पोकळ असून पिढ्यान् पिढ्या उभे असतात.

जिल्हाकोर्टासमोर
आलो. जरा लांब होईल, ज्यांना कायद्याचा कंटाळा त्यांनी पुढं जावं.

नेहमी ऐकू येतं, वादळ आलं, झाड पडलं, दैवी आपत्ती, त्याला कोण काय करणार. हे कोर्टात नेहमीच चालत नाही. दिल्लीत १९६४ साली रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो गेला. झाड वाळलेलं होतं. बायको-मुलांनी महापालिकेवर दावा लावला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९९ मध्ये कोर्टानं महापालिकेला जबाबदार धरलं. म्हटलं काय, तर सार्वजनिक रस्त्यावरची झाडं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ती वेळोवेळी तपासली पाहिजेत, आणि धोकादायक झालेल्या झाडाची काळजी घेतली नाही तर तो निष्काळजीपणा. पस्तीस वर्षं लागली हे पण लक्षात ठेवा.

अलीकडचं घ्या. जुलै २०२२ मध्ये चंदीगडला एका शाळेत शेकडो वर्षांचा पिंपळ पडला, हेरिटेज म्हणून पाटी लावलेला. एक मुलगी गेली, एकीचा हात गेला. हायकोर्टानं २०२५ मध्ये मृत मुलीच्या घरच्यांना १ कोटी आणि जखमी मुलीला ५० लाख द्यायला सांगितलं. पाटी लावली, जतन केलं असं कागदावर झालं, पण तपासलं कुणी?

आता धागाकर्त्यासाठी कामाचं. फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ कलम होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ म्हणून आलंय. रस्त्यावरचा अडथळा, उघडी विहीर यांच्याबरोबर त्यात झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. पडून आसपास राहणाऱ्याला, धंदा करणाऱ्याला किंवा जाणाऱ्या-येणाऱ्याला इजा होईल अशा अवस्थेतलं झाड असेल तर ते काढा किंवा त्याला आधार द्या, असा आदेश प्रांताधिकारी देऊ शकतात. 'आधार द्या' हे शब्द कडक_भाकरी ताईंसाठी अधोरेखित. मालक कोण याचा घोळ असेल तिथं हे कलम बरं पडतं, कारण ज्याच्या ताब्यात आहे त्याला नोटीस निघते, मग त्यांनी येऊन सांगावं आमचं नाही म्हणून, कागदावर. आणि आमच्याकडं पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेनं द्यायची नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच रतलामच्या गटारीच्या केसमध्ये याच १३३ खाली सांगून ठेवलंय.

शेळगी_एक्सप्रेस
सर एक शंका. लेखी तक्रार दिली नसेल तर ते म्हणणार आम्हाला माहीतच नव्हतं. मग?

जिल्हाकोर्टासमोर
माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही, कारण तपासणी करणं हेच त्यांचं काम. १९७५च्या कायद्यात दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायला सांगितलीय ती कशासाठी? पण व्यवहारात विचाराल तर पोचपावती असलेला एक कागद दहा भाषणांना भारी. अर्ज दिल्यावर झाड पडलं तर 'कळलं नव्हतं' हे वाक्यच तोंडातून निघत नाही. आणि माहिती अधिकारात एवढंच विचारा, मागच्या वृक्षगणनेत या झाडाची स्थिती काय नोंदली आणि त्यानंतर तपासणी कधी झाली. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. प्रश्न छोटा ठेवा, पानभर निबंध लिहिला की टोलवायला जागा मिळते.

रेल्वेलाईन्सची_लेक
आमच्या कंपाउंडात नारळ आहे, फार उंच गेलाय आणि रस्त्याच्या बाजूला कललाय. आई म्हणते नारळ तोडू नये, घराला लागतं. शेजारचे रोज बघून जातात. २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला मॉर्निंग वॉकला गेलेल्या एका बाईंवर नारळाचं झाड पडलं होतं, तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ बघितल्यापासून मला आमच्या झाडाखालनं जायलाच नको वाटतं. तिथं तर झाड काढायची परवानगी आधी मागितलेली होती अशा बातम्या होत्या. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

जिल्हाकोर्टासमोर
ताई, तुमच्या आवारातलं झाड म्हणजे जबाबदारी आधी तुमची, पण परवानगीशिवाय तोडता येत नाही म्हणून अर्ज करून ठेवा आणि पोच जपून ठेवा. नाकारली तर नाकारल्याचा कागद पण जपून ठेवा, तोच उद्या तुमच्या बाजूनं बोलतो. तोपर्यंत वाळलेल्या झावळ्या, नारळ उतरवून घ्या.

शेळगी_एक्सप्रेस
गाडीवर पडलं तर इन्शुरन्स मिळतो का? आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मित्राच्या नव्या गाडीची काच आणि टप गेला.

सातरस्ता_सोलापूर
फुल्ल इन्शुरन्स असेल तर मिळतो, नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. गाडी हलवायच्या आधी फोटो काढायचे आणि कंपनीला लगेच कळवायचं. माणसाचा जीव गेला तर नैसर्गिक आपत्तीखाली सरकारकडून वारसाला ४ लाख मिळतात, तलाठ्याचा पंचनामा लागतो, तहसीलमधनं होतं. पण ते आपत्तीची मदत म्हणून, कुणाची चूक म्हणून नाही, हे दोन वेगळे विषय आहेत.

कडक_भाकरी
४ लाखावरनं आठवलं, खड्ड्यात पडून माणूस गेला तर ६ लाख द्यायचे असं मुंबई हायकोर्टानं मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ ला सांगितलं ना? मग झाडाला का नाही ठरवत तसं एकदाचं. निदान दोन रकमा बघून तरी कुणीतरी झाडं तपासायला माणूस नेमेल. मी झाडाच्या बाजूची आहे, पण तपासणीच्या विरोधात नाही, आधी तसं वाटलं असेल कुणाला म्हणून लिहिते. माझा राग एवढाच की तपासणी कधी होत नाही आणि करवत मात्र लगेच येते.

मॉडरेटर
चर्चा छान चालू आहे. दोन प्रतिसाद काढलेत कारण त्यात ऑफिस आणि कर्मचाऱ्याचं नाव, फोन नंबर होता. तक्रार करायची तिथं करा, इथं नावं नकोत.

वनस्पतीवेडी
रिटायर्ड काका आणि मी रविवारी सकाळी सातरस्ता यांच्याकडं जाऊन आलो. झाड लिहिलंय त्यापेक्षा वाईट आहे. अळंबी एक नाही, चराच्या बाजूला तीन आहेत, एक ब्लॉकच्या सांध्यातून वर आलीय. काकांनी हातोडी फिरवली, कमरेच्या उंचीपर्यंत त्या अंगाला सगळीकडं ढब, रस्त्याच्या अंगाला टक्क. दोन ब्लॉक कोपऱ्यातनं उचललेत, बोट जाईल एवढी फट. माझ्या मते हे झाड वाचणार नाही, आणि हे लिहिताना मला अजिबात आनंद होत नाहीये. पण त्याच रस्त्यावर पुढं जे दोन लिंब आहेत ज्यांच्यावर लोक बोट दाखवत होते ते ठणठणीत आहेत, नुसतं बांडगूळ काढलं आणि खिळे उपटले तरी पुष्कळ. एकात मी अठरा-वीस खिळे बघितले, ट्यूशन क्लासच्या पाट्यांचे.

रिटायर्ड_ओव्हरसियर
रसवंतीवाल्यांशी बोललो. ते म्हणाले, साहेब जागा सोडली की जागा गेली, सीझन दोन महिन्यांचा. खोटं नाही. दोन लिंबांपैकी एकाखाली गाडा लावायला तिथल्या दुकानदारानं हो म्हटलंय, बघू. रिक्षावाल्यांना समजावणं अवघड आहे, सावली दिसली की थांबणार.

का_बे
रिक्षावाल्यांचं माझ्यावर सोडा, स्टँडचा अध्यक्ष दोस्त आहे आपला. उद्यापासनं पलीकडं थांबतेत बघा.

सातरस्ता_सोलापूर
अर्ज दिला. फोटो, कुठल्या खांबासमोर आहे ते, चर कुठल्या बाजूला, अळंब्या किती, सगळं एका पानात. एक प्रत प्रांत ऑफिसला कलम १५२ लिहून. दोन्हीकडं शिक्का घेतला. एका ठिकाणी आवक नंबर द्यायला टाळाटाळ केली, मी म्हटलं बसतो इथंच, मग दिला.

कुंभारीकर
उशिरा वाचला धागा. आमचं गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर, अक्कलकोट रोडच्या कडेला जुन्या चिंचा आहेत, त्यातली एक अर्धी वाळलीय. आम्हाला यातलं काय लागू होतं?

जिल्हाकोर्टासमोर
१९७५चा कायदा शहरी हद्दीतला, तो बाजूला ठेवा. तुमच्याकडं १९६४चा वृक्षतोड नियमनाचा कायदा बघा, त्यात आंबा, साग, चिंच अशी यादीतली झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झाड रस्त्याच्या हद्दीत असेल तर रस्ता ज्यांचा त्यांना लेखी द्या आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. कलम १५२ मात्र सगळीकडं सारखंच चालतं, गाव असो नाहीतर शहर. अर्धी वाळलीय म्हणालात, कुठली अर्धी? रस्त्याकडची की शेताकडची? फोटो टाका, वनस्पतीवेडी ताई बघतील.